म्हाताऱ्याचा घास

क्लिफर्ड हॅलमने पोरीच्या घराचे कागद स्वतःच करायचं ठरवलं, तेव्हा खाणवाल्यांच्या क्लबात त्याची मनसोक्त टर उडाली.

"वकील झालास काय रे क्लिफ?" बारमागून डगी ओरडला. "मग काळा कोट तरी शिव."

"आहे की कोट. सासूच्या मयताला घेतलेला. एकदाच घातलाय, तोही खुशीत."

सगळे हसले. क्लिफही हसला. पण त्याचं ठरलेलं होतं. कोल्डवेलची खाण बंद पडल्यापासून कुणी त्याला काही विचारायला येत नव्हतं. हे एक काम असं होतं की ते तो पोरीसाठी करू शकत होता.

पोरीला, म्हणजे जनीनला, घर कशासाठी हवं होतं हे क्लबात कुणाला माहीत नव्हतं. तिचा नवरा डॅरेन हात उचलायचा नाही. त्याला तशी गरजच पडायची नाही. घराच्या किल्ल्या त्याच्या खिशात असायच्या. एकदा जनीनने बाथरूमला आतून कडी लावली, तर त्याने पान्याने दारच उतरवून गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. पुढची चार वर्षं त्या बाथरूमला दार नव्हतं. आता ती त्याला सोडून आली होती, आईच्या विम्याचे पैसे घेऊन. तिला फक्त तिच्या नावाचं दार पाहिजे होतं.

घर सापडलं ते खाणीच्या रस्त्यावरचं, ओळीतलं शेवटचं. लहानसं. मागे फरशीचं अंगण. कर्ज काढलं नव्हतं, म्हणजे बँक नव्हती, आणि बँक नाही म्हणजे बँकेचा वकीलही नाही. क्लिफने लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. मालकी कुणाची, वाट कुणाची, भिंत कुणाची, सगळं एकेक करून तपासलं. विकणाऱ्या बाईला पत्रं लिहिली. हळूहळू, छापल्यासारख्या अक्षरात.

नोंदणीच्या अर्जाला एक अट होती. अर्ज देणारा तो तोच आहे, अशी त्याच्या फोटोवर वकिलाची सही लागते. म्हणून तो गावातल्या वकीलबाई मिस ऑगडेनकडे गेला. तिने फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं, आणि पेन उघडता उघडता विचारलं, "खाणीचा सर्च मागवलात ना, मिस्टर हॅलम?"

"तो कशाला?"

"घराखाली काय आहे ते कोळसा खात्याच्या नकाशावरून कळतं."

क्लिफ खो खो हसला. "बाई, त्या घराखाली मी जन्म काढलाय. त्या कागदावर जे असेल ते मीच खणलंय. तिथं आम्ही कोळशाचा रुंद खांब सोडलाय, मुद्दाम, वरच्या घरांसाठी. ते घर हलायचं नाही."

"तरी मागवा. आठवड्याभरात येतो."

"सही करा हो तुम्ही."

"मी तुमची वकील नाही," ती म्हणाली. "सही फक्त फोटोवर करतेय. पण मुलीचं घर आहे म्हणालात." आणि सही केली.

बाकी कागदांत एक स्वल्पविराम चुकला नाही. नोंदणी झाली. मालकाच्या जागी जनीन हॅलम, माहेरचं नाव. ताबा मिळाला त्या दिवशी तिने सामान जिन्यातच ठेवलं आणि वर बाथरूममध्ये गेली. क्लिफ खाली उभा राहून ऐकत होता. कडी लागली. उघडली. पुन्हा लागली. मग बराच वेळ काहीच नाही. त्याने डोळे पुसले आणि किटली ठेवली.

दोघं अंगणात बसून जेवली, चरबी लावलेला पाव आणि चहा. क्लिफने पावाचा शेवटचा कोपरा तोडून भिंतीच्या कडेला ठेवला.

"डॅड, उंदीर येतील."

"असू दे. म्हाताऱ्याला."

जनीनला माहीत होतं. खाणीत खणता खणता मध्येच एखादी जुनी पोकळी लागायची, कुणी खणली, कधी, काही पत्ता नाही. त्या आधीच्या लोकांना खाणवाले म्हातारा म्हणायचे, आणि त्याच्या नावाने डब्यातला एक घास तिथे ठेवून यायचे. म्हातारा कुठे कुठे फिरून गेलाय ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून.

"इथं कुठला आलाय म्हातारा?"

"इथं नाही गं. हात जातो आपला, सवयीने."

तो हिवाळा सगळा ओला गेला. मार्चच्या एका रविवारी जरा ऊन पडलं, म्हणून जनीनने चादरी वाळत घातल्या. चिमटे कमी पडले. ती आणायला आत गेली. मोठा आवाज वगैरे झालाच नाही, कुणीतरी दीर्घ श्वास ओढावा तसं काहीतरी झालं. चिमटे घेऊन ती दारात आली तर अंगण नव्हतं. दोरीचा खांब नव्हता, चादरी नव्हत्या, भिंत नव्हती. पुढे नुसतं काळं भोक, आणि त्यातून गार वारा वर येत होता.

संध्याकाळपर्यंत अख्खी ओळ रिकामी केली. कुंपण लागलं. कोळसा खात्याचा एक माणूस पिवळं जॅकेट घालून आला आणि गाडीच्या टपावर नकाशा पसरला. नकाशात घराच्या मागे एक छोटं काळं वर्तुळ होतं.

"जुनी विहीर आहे, खाणीत उतरायची," तो म्हणाला. "तुमच्या खाणीच्या कितीतरी आधीची. तोंडावर लाकडं टाकून माती लोटलेली."

"हे वर्तुळ कधीपासून आहे?" क्लिफने विचारलं.

"नकाशा आहे तेव्हापासून. विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं." मग तो जनीनकडे वळला. "तुमचा वकील कोण होता?"

जनीन म्हणाली, "डॅड."

आवाजात राग नव्हता. राग असता तर क्लिफला बरं वाटलं असतं.

भरपाई मिळणार होती. आधी विहीर भरायची, मग भिंती तपासायच्या, मग काय ते ठरणार. दोन वर्षं तरी जाणार. क्लिफ राहायचा ती म्हाताऱ्यांसाठीची एक खोली, तिथे पाहुणा ठेवायला बंदी. जनीनला शहरातल्या हॉटेलात खोली मिळाली. डॅरेनला ते कळलंच. तो रोज येऊन खाली लॉबीत बसायचा. चहा मागवायचा आणि जिन्याकडे बघत बसायचा. मॅनेजर म्हणाला, गिऱ्हाईक आहे, मी काय करू.

ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी जनीन बॅग घेऊन क्लिफच्या दारात आली.

"मी जाते, डॅड. त्याच्याकडे."

"नको गं बाळा. थोडी कळ काढ. मी त्या हॉटेलात येऊन बसतो, त्याच्या समोर."

"किती दिवस बसशील? दमले मी." ती त्याच्याकडे बघत राहिली. "सगळे कागद केलेस तू. तो एकच का नाही मागवलास?"

क्लिफने खोटं बोलायचा विचार केला, पण जमलं नाही. "लाज वाटली. माझ्या पायाखालची जमीन, आणि ती परक्याला विचारायची?"

तिने मान हलवली, जणू हिशोब बरोबर आला. बाहेर गाडी थांबली. डॅरेन खाली उतरला नाही, आत बसल्या बसल्याच त्याने डिकी उघडली.

क्लिफने ड्रॉवरमधून तिच्या घराची दुसरी किल्ली काढली. "ही तरी ने. घर तुझंच आहे. कागदावर नाव तुझं आहे."

जनीनने किल्ली त्याच्या मुठीत परत दाबली.

"तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "त्याला कुठे सापडायला नको."