शुक्रवारची कलेजी

नूर मोहम्मदचा आयुष्यात एकाच औषधावर विश्वास होता, ते म्हणजे बकऱ्याची कलेजी. भेजा डोक्याला, पाये हाडांना, गुर्दा कमरेला, असं सगळं त्याच्या दवाखान्यात होतं, पण रक्ताचा कारभार कलेजीकडे. अठ्ठेचाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून त्याचे कान अर्धे गेले होते. तरी सत्तरीतही तो तीन जिने न थांबता चढायचा आणि वर पोचल्यावर त्याचं कारण सांगायचा. ऐकणारं कोणी नसलं तरी सांगायचा.

तसा तो खोटं बोलत नव्हता. दापोड्याहून दारावर भाजी घेऊन येणाऱ्या गोदूची सून मेघाली बाळंतपणानंतर पांढरीफटक पडली होती. नूर मोहम्मदने गोदूला पायरीवर बसवून समजावलं की डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेव, पण आठवड्यातून एकदा कलेजी दे, वर लिंबू पिळ आणि त्यावर लगेच चहा पाजू नकोस. तीन महिन्यांत मेघालीचं रक्त सातावरून अकरावर गेलं. गोदूने मेथीची जुडी आणून दिली आणि म्हातारा ती हातात घेऊन मोहल्लाभर मिरवला. हे सगळं खरं होतं, आणि त्या खरेपणानेच घात केला, कारण घरात त्याची नात हफसा होती, नऊ वर्षांची.

हफसाला थॅलेसेमिया होता. तिच्या अंगात धड रक्तच तयार होत नसे, म्हणून दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, तिला बाहेरचं रक्त चढवावं लागे. सून नसीबा तिला घेऊन जायची. कलेजी अजिबात द्यायची नाही, असं डॉक्टरांनी नसीबाला बजावलं होतं आणि तिने ते घरी येऊन सासऱ्याला सांगितलं होतं. म्हातारा हसला. पोरीत रक्त नाही म्हणून चढवायचं, आणि जे रक्त करतं तेच बंद करायचं, ही कुठली डॉक्टरी? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तो मनात म्हणाला, आणि हे तो डॉक्टरांबद्दल म्हणत होता.

शुक्रवारी दुपारी नसीबा शिवण शिकवायला जायची. जुम्म्याची नमाज करून येताना नूर मोहम्मद खाटकाकडून कलेजी आणायचा, गच्चीवर शेगडी पेटवायचा आणि मीठ-मिरी लावून तुकडे भाजायचा. हफसा शेजारी मांडी घालून बसायची. पहिला तुकडा तिचा.

"अम्मीला सांगायचं नाय," तो म्हणायचा, आणि ती ओठांवर बोट ठेवायची.

शनिवारी पोरीच्या गालांवर लाली दिसायची. ती गुरुवारच्या रक्ताची होती, पण म्हाताऱ्याला ती कलेजीची वाटायची. ज्या आठवड्यात रक्त चढलेलं नसे तेव्हा गाल फिके दिसत, मग पुढच्या शुक्रवारी तो दोन तुकडे जास्त घालायचा. असं तीन वर्षं चाललं.

यंदा रमजाननंतर हफसा जिन्यात मधेच बसू लागली. तपासणीत तिच्या अंगातलं लोह भलतंच वाढलेलं निघालं. लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्या चुकवता का, असं डॉक्टरांनी नसीबाला विचारलं. एकही नाही, ती म्हणाली, पण तिच्यावर कोणाचा विश्वास बसेना. तिच्या नवऱ्याने, तौहीदने, घरी येऊन तिला नाही नाही ते ऐकवलं. नूर मोहम्मद पलंगावर बसून ऐकत होता. लोह वाढलं तर चांगलंच की, मग ही रडते का, हे त्याला कळेना. पण कुठेतरी पाल चुकचुकली होती, आणि तरीही तो गप्प राहिला. मला विचाराल तर त्याची खरी चूक ही.

पुढच्या गुरुवारी तो हट्टाने बरोबर गेला. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर लोह येतं, ते बाहेर टाकायची वाट शरीराकडे नसते, मग ते साठतं. हफसाच्या ते हृदयात साठलं होतं. कलेजीत लोह ठासून भरलेलं असतं, म्हणून ज्याला लोह कमी पडतं त्याला ती अमृत, आणि हिला विष. कोणी दर शुक्रवारी दिली असेल तर, असं नूर मोहम्मदने विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बरंचसं लोह रक्तातूनच आलंय, ते म्हणाले, कलेजीने त्यात भर घातली. किती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

बाहेरच्या बाकावर त्याने नसीबाला सगळं सांगितलं.

"मी सांगितलेलं तुम्हाला, अब्बा."

एवढंच. त्यानंतर ती त्याला वेळेवर वाढत राहिली, पण आपणहून एक शब्द बोलली नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

बकरी ईद आली तेव्हा हफसाला उशांना टेकूनच झोपावं लागत होतं. पाय सुजले होते. नवी औषधं चालू होती, पण डॉक्टर आता 'बघू' म्हणायला लागले होते. मोहल्ल्याची रीत अशी, की कुर्बानी झाली की आधी कलेजी शिजते आणि सकाळपासून उपाशी असलेली माणसं पहिला घास तिचाच घेतात. त्यातला वाटा हफसाला पाठवायची सवय शेजाऱ्यांना नूर मोहम्मदनेच लावली होती. दरवर्षी तेरा घरांतून यायची आणि नसीबाला कळू न देता तो ती दारातूनच परस्पर गच्चीवर न्यायचा.

यंदा तो दारात खुर्ची टाकून बसला. झाकलेल्या बश्या येत गेल्या आणि तो परत पाठवत गेला. पोरीला चालत नाही, म्हणायचा. शेजारणी म्हणायच्या, चाचा, तुम्हीच तर सांगायचात. तेरा वेळा त्याने मान खाली घातली.

घरची कलेजी नसीबाने त्याच्यापुढे ठेवली. दुपार झाली तरी त्याने हात लावला नाही. शेवटी हफसाने हाक मारून त्याला ताटासकट जवळ बोलावलं.

"दादा, तू काय खाल्लं नाय." ती श्वास घ्यायला थांबली. "तोंड बघ, कसं पांढरं पडलंय. तुझं रक्त कमी झालंय. खा. पहिला तुकडा तुझा."

त्याचा हात उठेना. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"अम्मीला नाय सांगणार."

नसीबा दारातच उभी होती. नूर मोहम्मदने तुकडा उचलून तोंडात घातला आणि तिच्या देखत चावत राहिला, कारण तो गिळेपर्यंत हफसा त्याच्यावरची नजर काढणार नव्हती.