माझ्यातला केक कुणी फेकला?

मी एक जुना केकचा साचा आहे. जुना म्हणजे भंगारातला नव्हे हं! काठाला एक पोचा आहे, तळ काळवंडलाय, पण अजून ठणठणीत आहे. मित्रांनो, म्हातारी भांडी आपली कहाणी सांगताना गहिवरतात, उसासे टाकतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मला तसलं काही जमायचं नाही. मी चिडलोय. का, ते सांगतो.

एका कारागिराने जाड पत्रा ठोकून मला घडवलं आणि मी एका बेकरीत आलो. तिथल्या भट्टीवर एक गृहस्थ पंचवीस वर्षं राबले. त्यांच्या हाताला अशी जाण, की केकचा तुकडा बोटांत दाबून तो कुणी फेटलाय हे सांगायचे. बेकरी बंद झाली त्या दिवशी ते मला बगलेत मारून घरी घेऊन आले. त्यांची लेक तेव्हा सहा वर्षांची होती. दर रविवारी ते तिला ओट्याशी स्टुलावर उभं करत. ती मला आतून लोणी फासायची, वर मैदा भुरभुरायची आणि उलटा करून माझ्या बुडावर सणसणीत चापट मारायची. अंडं फोडलं की निम्मं कवच आत! बाप म्हणायचा, "पडू दे. दातांना काम नको का?" केक कधी बसायचा, कधी करपायचा. दोघं ओट्याशी उभ्या उभ्या त्याचा फडशा पाडायची.

ती लेक मोठी झाली, सासरी जाताना मला घेऊन गेली. तिला मुलगी झाली. ही एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. आणि भिंगरीच्या आईने घरातच रविवारचा वर्ग सुरू केला : 'मुलांसोबत बेकिंगची गंमत'. सहा मुलं यायची. गंमत तर खरंच असायची, ते नाकारत नाही. उंचावरून मैदा चाळायचा, कणीक लाटून बाटलीच्या झाकणाने बिस्किटं पाडायची, त्यांना मनुकांचे डोळे लावायचे. एकाने बिस्किटाला तीन डोळे लावले. तिसरा कशाला, तर मागचं बघायला म्हणे!

मग एका रविवारी एका मुलाचा केक मधोमध बसला. त्याच्या आईने दारातच नाक मुरडलं. "एवढंच शिकवलंत होय?" म्हणाली. भिंगरीच्या आईला ते फार लागलं. आणि तिने काय केलं असेल? पुढच्या रविवारच्या आदल्या दुपारीच सहा केक स्वतः करून कपाटात दडवून ठेवले. मुलांनी मिश्रण केलं, साच्यांत ओतलं, साचे ओव्हनमध्ये गेले. "जा रे, अंगणात खेळा," म्हणून मुलांना बाहेर पिटाळलं. मुलं परत आली तेव्हा टेबलावर सहा केक, एका उंचीचे, गुबगुबीत. "मी केला! मी केला!" करत पोरं नाचली. आया म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमचा!" आणि पोरांचे खरे केक? कचऱ्याच्या डब्यात! वर झाकण, झाकणावर वर्तमानपत्र.

दोन वर्षं हे चाललं. दर रविवारी माझा नुसता जळफळाट व्हायचा. कपाटातले ते केक एका नव्या काळ्या साच्यात व्हायचे. त्याला काहीच चिकटत नाही म्हणे. लाजसुद्धा चिकटत नसावी.

आणि मग आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. आजोबा म्हणजे तेच माझे भट्टीवाले. ते मामाकडे राहतात, पण वाढदिवसाला लेकीकडे येणार होते. भिंगरीने जाहीर केलं, "आजोबांचा केक मी एकटी करणार. कुणी हात लावायचा नाही!" तिने मला कपाटातून ओढून काढलं. का, तर मी आजोबांचा ना! अर्धा तास बसून तिने संत्र्याची साल किसली. बोटाचं सालटं निघालं, तरी हूं की चूं नाही. मीठ चिमूटभर घालायचं, तर मूठभर घातलं. आणि केक ओव्हनमध्ये गेल्यावर मात्र धीर धरवेना. दर थोड्या वेळाने दार उघडून बघायची. अहो, गार वारा आत शिरला की कुठला केक तग धरणार? माझ्या पोटातला केक बसला तो बसलाच. मधे चांगली विहीर पडली आणि कडा करपल्या.

"जा, अंघोळ करून छान फ्रॉक घालून ये. केक मी काढते," आई म्हणाली. भिंगरी न्हाणीघरात गेली आणि मला कळून चुकलं. आईने कपाट उघडलं. केक माझ्यातून खरवडून वर्तमानपत्रात गुंडाळला. मला कोरडाच मोरीत टाकलं. पोटच्या पोरीचा केक, हो! त्या क्षणी मला तोंड असतं ना, तर अख्खी गल्ली गोळा केली असती.

भिंगरी बाहेर आली. "फुगला! आई गं, फुगला!" ती टाळ्या पिटत नाचू लागली. मी मोरीतून सगळं बघत-ऐकत होतो.

आजोबा आले, मामा-मामी आले. आजोबांनी केक कापला, तुकडा बोटांत दाबला आणि थांबले.

"कुणी केला?"

"मी! एकटीने!"

"भिंगरे, हा हात तुझा नाही," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "आईने केला असेल तर तसं सांग. माझ्याशी खोटं का बोलतेस?"

"मीच केलाय! आईला विचारा!"

आता आईने बोलायला हवं होतं की नव्हतं, सांगा मित्रांनो? आणि ही आई काय म्हणाली माहितीये? "जाऊ द्या ना बाबा, लहान आहे ती."

म्हणजे पोरगीच खोटारडी! जिने खोटेपणा केला ती सुटली आणि जिचं बोट सोललं तिला सगळे हसून माफ करायला लागले. मामी तर म्हणाली, "असू दे गं, मुलं सांगतातच असं." माझा पत्रा भट्टीतसुद्धा इतका तापला नव्हता.

भिंगरीचे डोळे भरले. तिने रागाने केकचा मोठा तुकडा तोडून तोंडात कोंबला, चावला आणि चावता चावता थांबली.

"आई, माझं संत्रं कुठे गेलं?"

आई खाली मान घालून उभी राहिली. मग म्हणाली, "तुझा केक बसला होता गं. मी बदलला. सगळ्यांसमोर तुझी फजिती नको म्हणून."

आजोबा काठी टेकत स्वयंपाकघरात आले, मागोमाग भिंगरी आणि तिची आई. मोरीतून मला उचललं. किती वर्षांनी तो हात लागला मला! कडेला करपलेली खरपुडी चिकटली होती. ती त्यांनी चमच्याने खरवडली आणि खाल्ली.

"हां. हा भिंगरीचा हात! काय मीठ घातलंय! ओव्हनचं दार किती वेळा उघडलंस?"

"पाच."

"पुढच्या वेळी चार वेळा कमी उघड." मग चमचा खाली ठेवून ते म्हणाले, "तुला खोटारडी म्हणालो. चुकलंच माझं, बाळ."

मला वाटलं, मिटलं. पण भिंगरी आईकडेच बघत होती.

"आई, रविवारच्या मुलांचे केक पण सगळे एकसारखे फुगतात."

आई उगाच ओटा पुसायला लागली.

"सगळ्यांचे फेकलेस? तीन डोळेवाल्याचा पण?"

आई मटकन स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मला दया आली नाही, खरं सांगतो. थोडी आली असेल.

पुढच्या रविवारी तिने सहा मुलांना ओळीत बसवून सगळं कबूल केलं. दोन आयांनी आपल्या मुलींना वर्गातून काढून घेतलं. "आमच्या मुलीला उगाच रडवलंत," असं म्हणाल्या. उरलेल्या चौघांचे केक त्या दिवशी वाकडे, तिरके, एक तर चक्क कच्चा. पण तो डब्यात घालून दोन्ही हातांनी छातीशी धरून नेताना तो करणारा मुलगा बापालाही हात लावू देईना.

मित्रांनो, मला घासा, आपटा, आणखी पोचे आणा, माझी तक्रार नाही. मोठ्या माणसांना तेवढं एक सांगा. मुलांनी केलेलं फेकायचंच असेल, तर त्यांच्या डोळ्यांदेखत फेका. आहे हिंमत? नाही ना? मग गुपचूप बसा आणि खा.