शिट्टी पोचत नाही तिथे

मी एक जुना बांबू आहे मित्रांनो, पोहण्याच्या तलावावरचा. दोन माणसांच्या उंचीएवढा लांब, टोकाला रबराची नळी. कारागिराने मला विस्तवावर शेकून सरळ केलं, माझ्या गाठी तासल्या, आणि तेव्हापासून मी तलावाच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवा पडून असे. कुणी गटांगळ्या खाऊ लागलं की मला पुढे करायचं आणि त्याने मला धरायचं, एवढंच माझं काम. एका घाबरलेल्या गृहस्थाने तर मला हातांनी धरायचं सोडून दातांनीच धरलं होतं. ते वण अजून आहेत.

तिथे शिकवणाऱ्या सरांना मुलं शिट्टीसर म्हणत. लांब शिट्टी म्हणजे थांबा. आखूड शिट्टी खोल बाजूच्या फळीवरच्या मोठ्या मुलांसाठी, म्हणजे उडी मारा.

एका दुपारी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. घरात तिला भिंगरी म्हणत. तिच्या कानांना यंत्रं होती. ती लावली की थोडंफार ऐकू येई, पण पाण्यात उतरताना ती काढावी लागत. मग तिला काहीच ऐकू येत नसे.

"बाई, माझा सगळा कारभार शिट्टीवर," सर म्हणाले. "उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"हात बघून, ओठ बघून तिला सगळं कळतं," आई म्हणाली. "बघत नसेल तेव्हा नुसतं खांद्याला शिवा."

"पाण्यात माझा हात कुठवर पोचणार?"

भिंगरी आईच्या हातांकडे बघत होती. आईने प्रश्न तिला सांगितला, तशी तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

ठरलं. खांद्यावर मी एकदा टेकलो की इकडे बघ, दोनदा टेकलो की मला धर. सर मला घेऊन काठाकाठाने चालत. दीड महिन्यात ती पाठीवर पोहायला लागली. "हिला एकदा सांगितलं की पुरतं," सर म्हणत. "बाकीच्यांना कान असून काय उपयोग?"

मग सर तापाने आजारी पडले आणि बदलीवर दुसरे सर आले. माणूस चांगला होता. पण वहीत मुलीचं नुसतं नाव होतं, बाकी काही नाही. मी खुंट्यांवरच राहिलो.

भिंगरी पाठीवर पोहत निघाली. पाठीवर पोहणाऱ्याला पुढचं दिसत नाही. ती वाकडी गेली. उथळ आणि खोल बाजूंमधला दोर त्या दिवशी दुरुस्तीसाठी काढलेला होता, त्यामुळे ती सरळ खोल बाजूला, फळीखाली जाऊ लागली. फळीवर एक दांडगा मुलगा पाण्याकडे पाठ करून उलट्या उडीसाठी उभा होता.

"ए मुली, थांब," नवे सर ओरडले. ती जातच राहिली. "ऐकू येत नाही का तुला?"

"नाही येत, सर," मुलं म्हणाली. पण सगळी एकदम बोलली आणि त्या गलक्यात कुणाचंच धड ऐकू गेलं नाही. सरांनी शिट्टी ओठांकडे नेली. फळीवरचा मुलगा त्या शिट्टीसाठीच कान टवकारून उभा होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. पण मित्रांनो, मला तोंड नाही.

तेवढ्यात कुणीतरी मला खसकन ओढलं. फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या त्या. दीड महिना त्या आमचा खेळ बघत होत्या. त्यांनी मला लांबवून भिंगरीच्या खांद्यावर दोनदा टेकवलं.

शिट्टी वाजली, आखूड. फळी दणाणली.

भिंगरीने मान वळवली नाही, विचार केला नाही. तिची बोटं माझ्याभोवती आवळली आणि मावशींनी सगळा जोर लावून ओढलं. मुलाची टाच माझ्यावर आदळली. मी मधोमध तडकलो.

काठावर आल्यावर भिंगरीने मागे फेसाळलेलं पाणी पाहिलं. तरी तिने मला सोडलं नाही. नवे सर धावत आले.

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल," मावशी म्हणाल्या. "मलासुद्धा."

बरे झाल्यावर शिट्टीसर आईला भेटले. "चूक माझी आहे. पण आता तिला आणू नका."

आईलाही तेच वाटत होतं. भिंगरीचे हात भराभर चालले. आईने हळूहळू सांगितलं, "ती विचारतेय, चूक तुमची, तर पोहणं तिचं का बंद?"

सरांनी वही उघडली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, ऐकू येत नाही, खांद्याला शिवा.

त्यानंतर तिथे नुसती शिट्टी कधी वाजली नाही. प्रत्येक शिट्टीबरोबर हात वर होई, आणि पाणी बघितल्याशिवाय कुणी उडी मारत नसे. माझ्या जागी चकचकीत नवी दांडी आली. मला कोपऱ्यात उभं केलं. मावशी माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात. वाईट वाटतं कधीकधी, नाही असं नाही.

भिंगरीने खोल बाजू पार केली त्या दिवशी मला कोपऱ्यातून अर्धाच तलाव दिसत होता. ती निघालेली दिसली, पुढचं दिसेना. मग अलीकडच्या काठावरच्या सगळ्या मुलांनी टाळ्यांऐवजी एकदम हात वर करून हवेत हलवले. तेव्हा मला कळलं, ती पोचली.

मित्रांनो, हाक मारून कुणाची ओ आली नाही, तर आवाज चढवू नका. चार पावलं चालत जा आणि खांद्याला हात लावा.