करदोड्यातली चावी

तात्यारावांच्या गावात जीप एकच, आणि ती मालकालाच चालवता येत नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात ड्रायव्हर धुळाप्पा पोटासाठी पुण्याकडं गेला, तेव्हा सोसायटीच्या या चेअरमननं मथुराबाईचा बिभीषण स्टेअरिंगवर बसवला. पोर पंधराचं. पगार मागत नव्हतं, भाकरीवर भागत होतं. चावी हरवू नये म्हणून दसऱ्याला, जीपच्या पूजेला, चार माणसांसमोर तात्यारावांनी ती त्याच्या करदोड्यात ओवून स्वतः गाठ मारली होती. "आता पोरगं हरवंल, चावी न्हाय," म्हणून हसलेही होते.

काल सांजच्याला ईट गावच्या वाटेवर त्याच जीपखाली येऊन हरणाबाई गेली. खडी फोडून घरी निघाली होती.

ठाण्यात जमादारानं कायदा आधीच सांगितला. "बिगरलायसनच्या पोराला गाडी तुमीच दिली आसंल, तर त्याच्यासंगं मालकबी गुन्हेगार. इमावाले हात वर करत्यात. न इचारता नेली आसंल, तर तुमी सुटलात."

हिशेबाला तात्यारावांनी फार वेळ घेतला नाही. "न इचारता नेली. चावी चोरली त्यानं."

बिभीषणनं मान वर केली नाही. भिंतीशी बसलेल्या मथुराबाईनं पदर तोंडाला लावला.

"कुठाय रं चावी?" जमादारानं पोराला विचारलं.

पोरानं सदरा वर केला. जमादारानं गाठीशी नखानं झटून पाहिलं. "लई पक्की हाय," म्हणत त्यानं ड्रॉवरमधून ब्लेड काढलं.

"तोडू नगा, सायेब," मथुराबाई म्हणाली. "करदोडा मेलेल्याचा तोडत्यात. येकच पोर हाय मला." मग तात्यारावांकडं न बघता म्हणाली, "ज्येनी गाठ मारली, त्यास्नीच सोडू द्या."

"मला काय ठावं," तात्याराव म्हणाले.

जमादार ब्लेड घेऊन वाकला. पोरानं पोट आत घेतलं. बरगड्यांखाली काळी दोरी सैल झाली.

तात्याराव उठले. दोरीचं आखूड टोक आत दाबलं, लांब टोक ओढलं. गाठ सुटली. चावी फरशीवर पडली.

"चोराची गाठ बरी सुटली तुमास्नी," जमादार म्हणाला. "बसा आता. पोराच्या नावाखाली तुमचं नाव घेतो."

बाहेर ओट्यावर हरणाबाईचा नवरा सकाळपासून बसून होता. त्याला अजून कुणी आत बोलावलं नव्हतं.

मथुराबाई रिकामा करदोडा पोराच्या कमरेला बांधू लागली. गाठ बसेना. तात्यारावांनी हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला.