लाल पेन्सिलीचं फूल

तिने वही पुढे सरकवली. सरांनी लाल पेन्सिलीने पानावर गोल काढला आणि त्याला पाच पाकळ्या जोडल्या. उत्तम गृहपाठाला जपानी शाळांत असं फूल मिळतं म्हणे. आठ महिन्यांत तिच्या जपानीच्या वहीत बागच फुलली होती. धडा मात्र चौथाच.

"सर, आता पाचवा घ्यायचा ना?"

"वहिनी, पाया कच्चा राहिला की इमारत बसते. चौथाच पुन्हा करू."

सरांना घाई नव्हती. निदान तिच्या बाबतीत नव्हती. नवऱ्याच्या कारखान्यातले दहाजण तिच्यामागून आले आणि बघता बघता पुस्तक संपवून बसले. दहाही जण नवऱ्यानेच पाठवलेले. नुसत्या त्याच्या ओळखीवर सरांचे सकाळ-संध्याकाळचे वर्ग भरले होते.

नवरा पुढच्या महिन्यात तीन वर्षांसाठी जपानला निघाला होता. कंपनीचा नियम सोपा होता: बायको जपानीची पहिली परीक्षा पास झाली, तरच तीही सोबत. परीक्षा येत्या रविवारी. सगळ्यांचे अर्ज सरच एकगठ्ठा पाठवत. दहाजणांची प्रवेशपत्रं आली होती. तिचं 'येईल हो' होतं. पुढचे एकवीस धडे तिने सासूबाईंना भरवता भरवता आपले आपणच वाचून काढले होते. गुरूच्या पुढे पळाल्यासारखं होईल, म्हणून सांगितलं नव्हतं.

दारावर सिलिंडरवाला आला. सर उठले. उठताना त्यांच्या हातातल्या लाल पेन्सिलीचं टोक मोडलं, म्हणून शार्पनर शोधायला तिने त्यांच्या टेबलाचा खण उघडला.

वरच तिचा फोटो होता. अर्जावर चिकटवलेला, हसरा. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर नवऱ्याचं ठसठशीत अक्षर: 'हा अर्ज पाठवू नये. शिकवत मात्र राहा, तिचं मन रमतं. आईकडे बघायला दुसरं कोणी नाही.'

सर परत आले, तेव्हा खण उघडाच होता.

"साहेब म्हणाले म्हणून..." सर म्हणाले. "मला वाटलं, तुम्हा दोघांचं बोलणं झालं असेल."

"चौथा धडा आठ महिने शिकवतानाही तसंच वाटलं?"

सर पुस्तकं एकावर एक नीट रचू लागले. ती आधीच नीट होती.

तिने पेन्सिलीला सावकाश टोक केलं. अर्ज आणि चिठ्ठी समोर ओढली.

घरी नवरा बॅग भरत होता. महिनाभर आधीपासूनच, माणूस मोठा पद्धतशीर.

"काय म्हणाले सर?"

"पाया पक्का झाला म्हणाले." तिने कपाटातून त्याचा पासपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. "हा वरच्या कप्प्यात ठेवा. नाहीतर विसराल."

पासपोर्ट नीट मिटत नव्हता. त्याने उघडला. आत घडी घातलेला अर्ज होता, आणि चिठ्ठीवर, त्याच्या अक्षराच्या बरोबर खाली, भलंमोठं लाल फूल. पाचही पाकळ्या रेखीव.

आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. सवयीने त्याने तिच्याकडे पाहिलं.

ती खुर्चीत बसली होती. मांडीवर वही उघडून.

"अहो," वर न बघता ती म्हणाली, "आई बोलावताहेत."