आमदारबाई फ्रेंच टीव्हीवर

लॉरेन पेटवे आमदार होऊन चार वर्षं झाली, तरी राजधानीतल्या वर्तमानपत्रांच्या लेखी ती फक्त ‘आरडाओरडा करणारी डावी बाई’ होती. अमेरिकेतल्या एरी सरोवराकाठच्या तिच्या हार्लन पॉइंट गावात पाणी अजून शिशाच्या जुन्या, विषारी नळांतून यायचं. ते नळ सरकारनं बदलावेत, असं विधेयक तिनं दोनदा मांडलं. दोन्ही वेळा समितीचे अध्यक्ष वेंडेल हॅसब्रूक यांनी ते चर्चेलाच घेतलं नाही.

अशात पॅरिसच्या एका वाहिनीची बातमीदार आली. सोलेन तिचं नाव. तिला अमेरिकेतल्या पुरोगामी आमदारांवर फिल्म करायची होती. लॉरेननं सरोवराकाठी एकटीनं चालत जावं, असं दृश्य सोलेनच्या मनात पक्कं बसलं होतं. लॉरेनला मोह झाला नाही असं नाही. इतक्या वर्षांत कुणी कौतुकानं तिच्याकडे कॅमेरा वळवलाच नव्हता. पण ती म्हणाली, “मी चालले काय नि बसले काय, त्यानं नळ बदलत नाहीत. चर्चमध्ये चला.”

चर्चच्या तळघरात पाण्याच्या बाटल्यांचं वाटप चाललं होतं. सगळा कारभार ओडेसाबाई क्रम्प यांच्या हाती. वय ऐंशीच्या घरात आणि जीभ भलतीच तिखट. आमदारबाई तुमच्यासाठी लढतात, कसं वाटतं, असं सोलेननं विचारलं. ओडेसाबाईंनी हातातला खोका खाली ठेवला.

“आमच्यासाठी लढते कसली? आम्ही तिला लढायला पाठवलंय, बाळ. नाही लढली तर घरी बसवू.”

लॉरेन कॅमेऱ्यामागे तोंड दाबून हसत राहिली.

फिल्म फ्रान्समध्ये गाजली. मग जपानी आले, ब्राझीलवाले आले. ओडेसाबाईंना फ्रेंचमध्ये कुणा तरुण नटीचा आवाज दिला होता. तो ऐकून त्या म्हणाल्या, या आवाजात बोलले असते तर मिस्टर क्रम्पनी माझं थोडं तरी ऐकलं असतं. परदेशात एवढा गाजावाजा झाल्यावर अमेरिकन वाहिन्यांनाही जाग आली. त्यांचे बातमीदार हॅसब्रूकसाहेबांना दारातच अडवून नळांबद्दल विचारू लागले.

एकदा विधानभवनाच्या जिन्यात ते लॉरेनला म्हणाले, “पॅरिसवाले इथं मतदान करत नाहीत, पेटवेबाई.”

“तुमचे मतदार करतात ना. तेही आता ती फिल्म बघताहेत.”

लवकरच समितीपुढे विधेयकाची सुनावणी लागली. दालन कॅमेऱ्यांनी भरून गेलं. लॉरेननं भाषण घासूनपुसून तयार ठेवलं होतं. नाव पुकारल्यावर ती उठली, आणि आपला वेळ तिनं ओडेसाबाईंना दिला.

“मला नातवंडं आहेत,” ओडेसाबाई सावकाश बोलल्या. “आजीनं पोरांचे लाड करायचे. मी मात्र नळाला तोंड लावू नका म्हणून त्यांच्यावर ओरडतच आले. आता मला लाड करायचेत.”

मतदान झालं. हॅसब्रूकसाहेबांनी सगळ्यांत शेवटी हात वर केला, पण केला. पुढे विधेयक सभागृहात मोठ्या बहुमतानं मंजूर झालं आणि गव्हर्नरांची सहीही झाली.

त्या रविवारी चर्चच्या आवारात सरोवरातले पर्च मासे तळले गेले. लॉरेन बूट काढून नाचली, घसा बसेस्तोवर गायली. खोदाई सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या बायका खुर्च्या घेऊन फुटपाथवर बसल्या होत्या. पहिला काळवंडलेला शिशाचा नळ मातीतून वर आला, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला.