न फोडलेलं सील

मी जाड काचेची एक बाटली बोलतेय. आम्ही दोघी जुळ्या. माझ्या बहिणीच्या अंगावर 'ए' कोरलंय, माझ्या अंगावर 'बी'. खालचा नंबर मात्र दोघींचा एकच. खेळाडूंची लघवी तपासणीसाठी सांभाळायची, हे आमचं काम. हसू नका. त्या ओंजळभर पाण्यात कुणाच्या तरी दहा-बारा वर्षांच्या पहाटा असतात.

रिह्याच्या खोऱ्यात भातखाचरांवर धुकं अजून झोपलेलं होतं, तेव्हा आम्ही गौतमीच्या ओसरीवर पोचलो. गौतमी लांब पल्ल्याच्या शर्यती पळायची. त्यावरच तिचं पोट होतं. अशा खेळाडूंना दिवसातला एक तास ठरवून तपासणीवाल्यांना आधीच कळवावा लागतो, की रोज या वेळी मी इथे सापडेन. तिचा तास सकाळी सहाचा. नमुना घेणाऱ्या वैष्णवी मॅडम न सांगता आल्या होत्या.

"आवं, आधी च्या तरी घ्या," तिचे वडील गेणबा म्हणाले.

मॅडमनी चहा घेतला, पण गौतमीवरची नजर काढली नाही. गौतमीला लघवीच होईना. ती पाणी पीत बसली, समोर धुकं हळूहळू विरत गेलं. शेवटी मॅडम तिच्याबरोबर आत गेल्या, कारण पेला डोळ्यांदेखत भरावा लागतो. 'मी खरी आहे' एवढं सांगायला माणसाला केवढी लाज गिळावी लागते!

मॅडमनी पुढे ठेवलेल्या बाटल्यांच्या तीन डब्यांतून तिने आमचाच डबा उचलला. स्वतःच्या हाताने आमच्यात ओतलं, झाकणं फिरवली. कट्, कट्, कट्. आता मोडतोड केल्याशिवाय कुणालाही आत शिरता येणार नव्हतं.

मग कागद आला. "गेल्या सात दिवसांत कुठलं औषध, कुठली पावडर?"

गौतमीचं पेन थांबलं. "दयानंद सर म्हनाले व्हते, ताकदीची पावडर लिहायची न्हाई," ती पुटपुटली. दयानंद सर म्हणजे तिचे कोच. त्यांच्या सगळ्या मुलींना ते बिनलेबलाच्या डब्यातली पावडर द्यायचे.

"का म्हनून लिहायची न्हाई?" गेणबांनी विचारलं.

गौतमीने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. तिने लिहिलं.

त्यानंतर नुसता गारठा. प्रयोगशाळेत आम्हाला कुणाचं नाव नसतं, फक्त नंबर. 'ए'ला उघडायला नेलं, मला गोठवलं. गोठल्यावर दिवस मोजता येत नाहीत. सगळं एकच लांब, पांढरं स्वप्न होऊन जातं. त्या स्वप्नात मी बहिणीची वाट पाहत होते. ती परत आली नाही.

मला बाहेर काढलं, तेव्हा समोर गौतमी आणि गेणबा होते. 'ए'मध्ये बंदी असलेलं औषध सापडलं होतं. अशा वेळी खेळाडूला 'बी' समोर उघडून घेण्याचा हक्क असतो. मी तिची शेवटची आशा होते. तिच्यासाठी निर्मळ व्हावं, असं मला फार वाटलं. पण माझ्यातही तेच पाणी होतं.

"नंबर जुळवा, सील बघून घ्या," तपासनीस नलिनीबाई म्हणाल्या. "मग उघडते."

"उगडा म्याडम. मशिनचं चुकलं आसंल एकांद्या वक्ताला," गेणबा म्हणाले.

गौतमीने माझ्यावरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. "चुकलं न्हाई, आप्पा. पावडर मी खाल्ली व्हती."

"तुला कुटं म्हाईत व्हतं त्यात काय हाय ते?"

"म्हाईत नव्हतं. पर मी इचारलं सुदिक न्हाई." ती नलिनीबाईंकडे वळली. "नका उघडू. ह्याचा निकाल येईपर्यंत बाकीच्या पोरी तीच पावडर खात राहतील. मला आजच जबाब द्यायचाय. पावडरचा डबा आणलाय सोबत."

"बंदी लागेल. कळतंय ना?"

"व्हय."

गेणबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग परत आले आणि तिच्या हातातली जड पिशवी त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली.

पुढचं मी ऐकीव सांगते. डब्यात तेच औषध निघालं. सरांची चौकशी लागली, मुलींची पावडर थांबली. गौतमीने कागदावर आधीच लिहिलं होतं, म्हणून तिची बंदी एका वर्षावर आली. ऐन उमेदीतलं एक वर्ष.

मी अजून सीलबंद आहे. जपून ठेवायची मुदत संपली की मलाही टाकून देतील. माझ्यासारखी बाटली ज्यांच्या हाती येईल, त्यांना एवढंच सांगते: मला काही लपवता येत नाही, आणि पुसताही येत नाही. तेव्हा कुणी प्रेमाने तळहातावर काही ठेवलं, तरी तोंडात टाकण्याआधी विचारा, "हे काय आहे?"